विज्ञानकथेच्या वर्गातले नऊ जण

उषा,

परवाच्या शोकसभेत मी तुझ्याबद्दल बोलले त्यात खोटं काही नव्हतं. जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं, विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ. विभागप्रमुख म्हणून मलाच बोलावं लागलं. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला, आणि सभा संपली. मनमिळाऊ हा शब्द तोंडून गेला तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं. तू कसली मनमिळाऊ? पंचवीस वर्षं माझ्याशी भांडत होतीस, आणि त्यातलं निम्मं भांडण अजून तसंच पडून आहे.

आज कॉलेजातून घरी आले आणि काही करवेना. टेबलावर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा आहे, त्याची दोरीसुद्धा सोडली नाही. दुपारचे चार वाजून गेलेत तरी बाहेरचं ऊन पांढरंफटक आहे. दमलेय मी. तुझ्या आजारपणाने दमले असं म्हणणं बरं दिसत नाही. दमायचीस तू, मी आपली शेजारच्या खुर्चीवर बसायचे. पण त्या खुर्चीवर बसून मी जे काही करत होते, त्याने दमलेय. ते तुला सांगायचं राहिलं. म्हणजे सांगायची गरज नव्हती हे मला परवा कळलं, तरी सांगते.

तुझा तो पेपर आला त्या वर्षाची आठवण आहे ना? तिसऱ्या वर्षाला मराठीच्या मुलांसाठी एक ऐच्छिक विषय म्हणून विज्ञानसाहित्य आलं. विभागात कुणालाच ते नको होतं. मला तर मुळीच नको होतं. संतसाहित्य शिकवायला माझी ना नव्हती, ग्रामीण साहित्य चाललं असतं, पण परग्रहावरची माणसं आणि बोलणारी यंत्रं कोण शिकवणार? मी तेव्हा म्हणाले होते, आपल्याकडे येणाऱ्या पोरांना पोटाचे प्रश्न आहेत, त्यांना मंगळ कशाला दाखवायचा. तू डबा बंद करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, पोटाचे प्रश्न असलेल्यांनी उद्याचा विचार करायचा नाही असं कुठं लिहिलंय? आणि पेपर तू घेतलास.

तुला तो शोभलाही. वडिलांच्या हट्टापायी तू भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली, आणि मग त्यांच्याशी महिनाभर अबोला धरून मराठीकडे आलेली. इथे सोलापुरात भवानी पेठेत तुमच्या घरी मागच्या खोलीत टॉवेलचा माग चालायचा, त्या आवाजात तू अभ्यास केलास, म्हणून तुझा वर्गातला आवाजही मोठा. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, वर्गात मराठी. पहिल्या तासाला तू फळ्यावर एकच शब्द लिहिलास, 'समजा'. मी बाहेरून जात होते म्हणून पाहिलं. तू मुलांना सांगत होतीस की भौतिकशास्त्राची गणितं याच शब्दाने सुरू होतात आणि विज्ञानकथाही याच शब्दाने सुरू होते. फरक एवढाच, की गणितात समजा म्हटल्यावर दगड खाली पडतो आणि कथेत समजा म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते बघायचं असतं. मला ते तेव्हा फार सोपं केलेलं वाटलं होतं. स्टाफरूममध्ये मी तसं म्हणालेही.

पहिला गृहपाठ तू दिलास तो 'शंभर वर्षांनंतरची सोलापुरातली एक सकाळ'. अकरा मुलं होती त्या वर्षी. तू त्यांचे कागद स्टाफरूममध्ये आणलेस आणि एकेक वाचायला लागलीस. उडत्या रिक्षा होत्या, चिमणीतून धूर न सोडणारे कारखाने होते, एकाने तर सगळं शहर जमिनीखाली नेलं होतं उन्हाला कंटाळून. पण अकराच्या अकरा जणांनी एक गोष्ट न चुकता लिहिली होती. नळाला रोज पाणी येतं. कुणी ते पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं, कुणी सहज मध्येच, जणू काय ती शंभर वर्षांतली सगळ्यात अद्भुत गोष्ट. तू हसायला लागलीस आणि हसता हसता तुझे डोळे भरून आले. मी त्या वेळी तुझ्याकडून दोन कागद घेऊन लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत होते. तू म्हणालीस, "अलका, तू हे वाचलंस की तपासलंस?"

मी दुसरा कागद पुढे ओढला.

मग काही वर्षांनी रेणुका आली. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या कोरड्या गावातली, घरी मेंढरं, बाप वर्षातले सहा महिने कळप घेऊन बाहेर. इथे मावशीकडे राहून शिकत होती. वर्गात गप्प असायची. तिने वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी स्वतः लिहिलेली विज्ञानकथा दिली. पंधरावीस पानं होती. मला ती आज तुला होती तितकीच पाठ आहे, पण तेव्हा प्रकल्पांची दुसरी परीक्षक म्हणून मी ती एका बैठकीत, पंख्याखाली, सात प्रकल्पांच्या मध्ये वाचली होती.

पुढच्या कधीतरीच्या काळातली गोष्ट. विहिरी, तलाव सगळं एका यंत्राच्या ताब्यात आहे. पाणी हवं असेल तर यंत्रासमोर उभं राहून मागायचं, यंत्र ऐकतं आणि झाकण उघडतं. एक म्हातारी धनगरीण मेंढरं घेऊन तिथे येते. ती म्हणते, "बाबा, पानी दे, लई लांबनं आलोय." यंत्र म्हणतं, आपली भाषा नोंदीत नाही, कृपया पुन्हा बोला. ती पुन्हा बोलते. यंत्र पुन्हा तेच म्हणतं. असं दिवसभर चालतं. संध्याकाळी ती हताश होऊन मेंढरांना हाक घालते, हुर्रर्र करून, पुढं निघायला म्हणून. आणि यंत्र झाकण उघडतं. जनावरांना घालायची हाक त्याच्या नोंदीत असते. म्हातारी गुडघ्यावर बसते आणि मेंढरांच्या रांगेत तोंड घालून पाणी पिते.

सगळी गोष्ट तिने तिच्या बोलीत लिहिली होती. संवाद तर होतेच, निवेदनही. हाय, न्हाय, कुटं, हितं. यंत्र तेवढं शुद्ध बोलत होतं.

मी शेरा लिहिला: कल्पना बरी. भाषा अशुद्ध. विज्ञानविषयक लेखनास प्रमाणभाषा आवश्यक. आणि इतके कमी गुण दिले की तिचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला.

उषा, माझ्या शेऱ्याबद्दल आणि त्या यंत्राबद्दल तू एका दमात कधीच बोलली नाहीस. एवढं भांडलो आपण, पण ते तू माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. माझा शेरा त्या यंत्रासारखाच बोलत होता, हे मला कळायला चार-पाच वर्षं गेली. एक दिवस भाजी निवडत असताना कळलं, आणि मी निवडायची थांबले. तुला तर पहिल्याच दिवशी कळलं असणार.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये तू प्रकल्प हातात घेऊन आलीस आणि गुण बदल म्हणालीस. मी नाही म्हणाले. तू म्हणालीस, पुढच्या काळातली सगळी माणसं पुण्याचंच मराठी बोलतील असं तू कशावरून ठरवलंस. मी म्हणाले, प्रश्न पुण्याचा नाही, शिस्तीचा आहे. इतिहासाचे सर आणि अर्थशास्त्राच्या दोघी जणी ऐकत होत्या. तू आवाज चढवलास. तुझा आवाज मुळात मोठा, तो चढल्यावर बाहेरून शिपाई डोकावला. मला ते सहन झालं नाही आणि मी बोलले. शब्द अजून तसेच्या तसे आठवतात.

"तुझ्या घरी तेलुगू बोलतात, उषा. मराठीत कुठं खटकतं ते तुला ऐकू यायचं नाही."

तू प्रकल्प टेबलावर ठेवलास, तो सरळ केलास, आणि बाहेर गेलीस. नंतर कितीतरी आठवडे तू डबा ग्रंथालयात बसून खाल्लास. नोकरीच्या मुलाखतीतही तुला कुणीतरी असंच विचारलं होतं, मातृभाषा तेलुगू, मग मराठी कशी शिकवणार, आणि तू त्यांना तिथल्या तिथे काय उत्तर दिलंस ते तू मला पूर्वी हसत सांगितलं होतंस. म्हणजे कुठे लागेल ते मला माहीत होतं. माहीत असूनच मी तिथे मारलं.

रेणुका एम.ए.ला आली नाही. तू तिच्या गावी जाऊन आलीस असं मला दुसऱ्याकडून कळलं. पुढे तिचं लग्न झालं, मग ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून लागली. लोकांचे अर्ज भरून देते, दाखले काढून देते.

आपला अबोला कसा सुटला हेही तसं सांगण्यासारखं नाही. माझी आई दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घेऊन. तू घरी जा, आंघोळ करून ये, मी बसते, एवढंच बोललीस. मी घरी गेले, आंघोळ केली आणि तिथेच झोपून गेले. संध्याकाळी धावत परत आले तर तू आईची वेणी घालत होतीस आणि आई तुला माझ्या लहानपणीच्या चहाड्या सांगत होती. तिथून पुढे आपण पूर्वीसारख्या बोलायला लागलो. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो.

आता या दोन वर्षांकडे येते.

तुझी मूत्रपिंडं गेल्याचं कळलं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पहिले काही महिने तू तिथून येऊनही तास घेतलेस, मग रजा टाकलीस. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं, आणि तू ते एका स्टीलच्या छोट्या तांब्यात भरून ठेवायचीस. तुझी वदिना, म्हणजे भावाची बायको, तो तांब्या तुझ्या हाताशी ठेवून निघून जायची, तिला ते बघवायचं नाही.

त्यानंतरच्या जूनमध्ये मी तुझा पेपर बंद केला. दोनच मुलांनी नाव दिलं होतं. कमीत कमी किती हवेत त्याचा नियम आहे, कागद माझ्यासमोर आला, मी सही केली. शिकवणारं कुणी नव्हतं हेही खरं. त्या दोघांना मी ग्रामीण साहित्यात घातलं. कायदेशीर सगळं बरोबर होतं. सही करताना मला थोडं बरंसुद्धा वाटलं असेल, उषा. हेही आज सांगूनच टाकते.

पुढच्या मंगळवारी मी दवाखान्यात आले. तुझ्या हाताला नळ्या लावलेल्या होत्या, शेजारी ते मशीन फिरत होतं. तू विचारलंस, या वर्षी आपल्या पेपरला किती जण? तुझ्याकडे बघून मला दोन म्हणवेना, आणि बंद झाला हे तर मुळीच म्हणवेना. मी म्हणाले, नऊ.

तुझा चेहरा उजळला. मी पाहिलं ते. मग तू विचारलंस, कोण शिकवतंय? मी म्हणाले, मीच.

तू इतक्या जोरात हसलीस की नर्स येऊन बघून गेली.

तिथून सुरू झालं. पुढच्या मंगळवारी तू विचारलंस, गृहपाठ काय दिलास? त्याच्या पुढच्या मंगळवारी, कुणी काय लिहिलं? आणि मी सांगायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं, स्वतः एक गोष्ट लिहिली नाही, आणि आता दर मंगळवारी मला एक गोष्ट लागायला लागली. रिक्षात बसले की डोकं चालवायला लागायचे. सात रस्त्यापासून दवाखान्यापर्यंत काही सुचलं नाही तर रिक्षावाल्याला सांगून एक फेरी जास्त मारायचे. नावं शोधायचे, पत्ते शोधायचे, कोणाचा बाप काय करतो ते ठरवायचे. तू फार बारीक विचारायचीस. विडी घरकुल वसाहतीतल्या मुलीची गोष्ट मी सांगितली, विड्या वळायचं यंत्र आल्यावर बायकांची बोटं झोपेतही वळत राहतात अशी, तर तू विचारलंस, आईचं नाव काय, मी ओळखत असेन. मी घाबरून काहीतरी नाव फेकलं. तू मान हलवलीस. रेल्वेतल्या माणसाच्या मुलाची गोष्ट तुला आवडली नाही. सुटायच्या आधीच पोचणारी गाडी, मला वाटलं होतं फार छान आहे. तू म्हणालीस, यात माणूस कुठं आहे? मी पुढच्या वेळी त्यात माणूस घालून आणला.

सगळ्यात जास्त तुला आवडली ती साखर पेठेतल्या मुलीची. दूरच्या एका ग्रहावर कापड विणणारी यंत्रं आहेत, पण तिथल्या हवेत धागा सारखा तुटतो आणि तुटलेला धागा हाताने जोडायची विद्या सगळ्या विश्वात कुणाला येत नाही. शोधता शोधता त्यांना सोलापुरातली एक म्हातारी सापडते. तिला न्यायला यान येतं, गल्लीत उतरतं, सगळी पेठ जमा होते. अधिकारी हात जोडून विनंती करतात. आणि म्हातारी म्हणते, मी येऊ शकत नाही, सोमवारी माझी पाण्याची पाळी आहे. तू हसलीस, आणि मशीनचा कसलासा आवाज व्हायला लागला म्हणून हसू आवरायचा प्रयत्न करत आणखी हसलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, "छान आहे गं. फक्त त्या मुलीला सांग, म्हातारी एवढं शुद्ध बोलायची नाही."

मी म्हणाले, सांगते.

त्या दिवशी घरी परतताना मी सुखात होते. हे तुला विचित्र वाटेल. तू आजारी, पेपर बंद, मी धडधडीत खोटी, आणि मला सुख वाटत होतं. तुझ्या त्या पहिल्या तासाचा अर्थ मला त्या रिक्षात कळला. समजा म्हटलं की बाकीची माणसं आपोआप येऊन उभी राहतात, आणि मग त्यांची काळजी घ्यावी लागते. मी त्या नऊ जणांची काळजी करत होते. एकीला परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला तर मला खरंच वाईट वाटलं होतं.

एकदाच मी बोलायचा प्रयत्न केला. दिवाळीच्या आसपास. म्हणाले, उषा, त्या वेळी स्टाफरूममध्ये मी जे... आणि तू डोळे मिटून घेतलेस. म्हणालीस, आज मुलांचं सांग. मी मुलांचं सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात तू फक्त तेलुगूत बोलत होतीस. माझ्याकडे बघून बोलायचीस, माझा हात धरून, चांगलं लांबलचक, मध्येच उत्तराची वाट बघायचीस. मला एक अक्षर कळत नव्हतं. पंचवीस वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलाशी बसून मी तुझ्या भाषेतले चार शब्द शिकले नाहीत. मी वदिनाला विचारलं, काय म्हणतेय? ती म्हणाली, नळ आला का विचारतीय. मी म्हणाले, हो, आलाय, भरून ठेवलंय सगळं. वदिनाने ते तुला तेलुगूत सांगितलं. तू माझा हात सोडलास आणि झोपलीस.

आणि परवा शोकसभा संपल्यावर शिवाप्पा माझ्याकडे आला. आपला शिवाप्पा, मैंदर्गीचा, ऑफिसातला शिपाई. सतरंज्या गुंडाळत होता. म्हणाला, मॅडम, उषा मॅडमचा जूनमध्ये मला फोन आलता की. टाइमटेबल लागलं का, माझा पेपर कुणाकडं दिला, इचारत होत्या. मी सांगितलं, मॅडम, तो बंद झालाय. मी खोटं कसं बोलू त्यांना? त्याला वाटत होतं आपण काहीतरी चूक केली. ते मनाला लागून राहिलं होतं त्याच्या. मी म्हणाले, तू बरोबर केलंस.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नऊ म्हणाले त्याच्या आधीपासून. तू सगळं वर्षभर तो वर्ग माझ्याकडून भरवून घेतलास. आईची नावं विचारत होतीस, माणूस कुठं आहे विचारत होतीस, म्हातारी एवढं शुद्ध बोलायची नाही म्हणत होतीस. ते मलाच सांगत होतीस.

मग मी आता कुणाला घाबरू? उषा, त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं आणि नीच होतं. तुझं मराठी माझ्याहून चांगलं होतं. मला फक्त नियम ऐकू यायचे, तुला माणसं ऐकू यायची. हे तू डोळे उघडे ठेवून ऐकायला हवं होतंस. तुला ऐकायचं नव्हतं हे कळतं मला, पण मला बोलायचं होतं.

आणखी एक सांगायचंय, मग थांबते.

मी सभेतून बाहेर पडले तेव्हा फाटकापाशी रेणुका उभी होती. मी ओळखलं नाही, तिनेच ओळख दिली. अंगाने भरलीय, चष्मा लागलाय. "मॅडम, सबा संपली व्हय?" म्हणाली. एसटी वाटेत पंक्चर झाली म्हणून उशीर झाला होता. हातात शेवंतीच्या फुलांची पुडी होती, ती कुठे ठेवायची तिला कळेना. आम्ही दोघी वर जाऊन तुझ्या फोटोपुढे ती ठेवून आलो. शिवाप्पाने पुन्हा दार उघडून दिलं.

तिची परतीची गाडी होती म्हणून मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले. बाकड्यावर बसलो, चहा घेतला. मी तिला म्हणाले, तुझ्या प्रकल्पावर मी जो शेरा लिहिला होता, तो चुकला माझा. बरीच वर्षं मनात होतं. ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, ते कागद तिच्यापाशी अजून आहेत, सातव्या पानावर मी एका वाक्याखाली रेघ मारलीय ती बरोबर आहे, ते वाक्य फसलंच होतं. बाकीच्या रेघा बरोबर नाहीत.

मला हे फार बरं वाटलं, उषा. माफ केलं असं ती म्हणाली असती तर मला काय करावं ते कळलं नसतं.

मग तिने सांगितलं की तू तिला दर महिन्याला फोन करायचीस. लिवतीस का गं, विचारायचीस. ती हो म्हणायची. काय लिहिलंस, विचारलंस की गावातलीच काहीतरी गोष्ट जराशी वाकडी करून सांगायची. दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा अंगठाच मशीनला पटत नाही, आणि मग तो माणूस आपण नक्की कोण याचा शोध घेत फिरतो, असं काहीबाही. तू ऐकायचीस. पुढचं कधी सांगतीस, विचारायचीस.

"आणि लिहिलंस किती?" मी विचारलं.

"एक वळ लिवली न्हाय मॅडम," ती म्हणाली. "खोटं बोलत हुते मी त्यांच्याशी. आजारी मानूस, न्हाय कसं म्हनायचं?" आणि ती रडायला लागली. स्टँडवर, सगळ्यांसमोर, चहाचा कागदी कप हातात धरून.

मी तिला सांगितलं की मी पण खोटं बोलत होते. पेपर बंद झाल्याचं, नऊ जणांचं, मंगळवारचं सगळं. ती रडायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिला पटेना. माझ्याबद्दल पटण्यासारखं ते नव्हतंच.

"तुमी गोष्टी सांगायचा?" ती म्हणाली. "कसल्या?"

मी म्हणाले, एक म्हातारी होती. साखर पेठेतली. तिला न्यायला यान येतं. तेवढ्यात मंगळवेढ्याची गाडी लागली. लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरायला लागले, कंडक्टर दारात उभा राहिला. मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. तिने ती पुन्हा बाकड्यावर ठेवली.

"मागनं दुसरी हाय की, साडेपाचला," ती म्हणाली. "म्हातारी काय म्हनली ते सांगा."

मी सांगितली, उषा. तुला सांगितली होती तशीच्या तशी जमली नाही. दर चार वाक्यांनी ती मला थांबवत होती, म्हातारी असं बोलायची न्हाय म्हणत.